खैरावरचं ठमीचं घर

ठेवा ते! खैराच्या फांदीवरून तोडलीत ती नुसती काड्यांची जुडी नाही. बोटाएवढं घर आहे ते, आणि आत बाई आहे. तीस वर्षं गडाची वाट दाखवतेय मी, पण उतरताना हात शिवशिवला नाही असा पाहुणा विरळा. बसा आता, ऐका.

या गडावर, गडाचा कारभार पाहायचा त्या हवालदाराची मोठी पंगत होती म्हणे. अवकाळी पावसानं सरपण भिजलं, चुली पेटेनात. त्यानं माणसं खाली पाठवली, "ठाकरवाडीच्या झोपड्यांच्या कुडांतल्या कारवीच्या काड्या कोरड्या असतील, त्या ओढून आणा."

पहिल्याच झोपडीत ठमी निजली होती, नवव्या महिन्यातली. नवरा जैत्या गडावर वेठीला, त्याच पंगतीचं पाणी वाहत होता. माणसांनी हाक मारली नाही, ताटी लोटून पाहिलं नाही. कूड ओढला. छप्पर तिच्या पोटावर आलं, आणि मूल गेलं.

"आत कोणी आहे, हे आम्हांला काय ठाऊक?" असं म्हणाले. विचारलं असतं तर कळलं नसतं? शंभरदा सांगितली असेल ही गोष्ट, तरी इथं आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

ठमी रडली नाही असं सांगतात. उरलेल्या काड्या वेचून तिनं अंगाभोवती लावल्या. म्हणाली, "आता माझं घर माझ्या अंगावर. यातून मी भायेर यायची नाय." सकाळी खैराला ही एवढीशी जुडी लोंबत होती. जैत्यानं शपथ घेतली, ती भेटेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. या जुडीभोवती घिरट्या घालतो तो बारका काळा पतंग म्हणजे जैत्याच. त्याला खायला तोंडच नाही. दोन दिवस तिचं दार शोधतो आणि मरतो. तिला पंख नाहीत. ती आतच अंडी घालते, आतच सुकते.

पुढल्या साली त्या घरातून शेकड्यांनी पोरं निघाली. प्रत्येकानं आधी आपलं घर बांधलं, मग ते अंगावर घेऊन सगळी गड चढली. हवालदाराच्या बागेत पान म्हणून ठेवलं नाही. सावलीला मोताद होऊन तो गड सोडून गेला. बरं झालं!

आजही आमच्या वाडीत फांदीला कोयता लावण्याआधी विचारतात, "घरात कोण हाय?" मग थोडं थांबतात. उत्तर येत नाही, तरी थांबतात.

हा घ्या दोरा. होतं तिथं बांधा ते घर, आणि विचारा. आम्ही रोजच विचारतो. गडावरून उतरलेल्या माणसानं मात्र तिला अजून एकदाही विचारलेलं नाही.