गाभाऱ्याचा पडदा

“मग हा पडदा जाळून टाकू का, बाबा?”

नागनाथबाबा मठाच्या अंगणात पत्रावळी पुसत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा काडाप्पा मुसळे. इचलकरंजीत त्याचा कापडछपाईचा कारखाना होता. गाऊन, उशांचे अभ्रे, खिडक्यांचे पडदे... जिथं चकचकीत सॅटिन लागतं, तिथं त्याचा माल जायचा. माणूस सरळ. फक्त आपण सरळ आहोत हे चार लोकांनी बोलून दाखवावं, एवढीच हौस.

बाबांचा अनुग्रह मिळावा म्हणून तो कैक वर्षं मठात खेटे घालत होता. बाबा दरवेळी म्हणायचे, बघू.

यंदा उत्सवाला त्यानं गाभाऱ्याचा पडदा द्यायचं ठरवलं. पडदाच का, तर नैवेद्याच्या वेळी तो ओढून घेतात आणि देवाचं जेवण होईतो सगळं गाव त्याच्याकडं बघत उभं असतं. मोतिया रंगाचं सॅटिन, त्यावर बेलाची पानं, मधोमध ‘ॐ नमः शिवाय’. खाली, त्याहून जरा ठळक, ‘काडाप्पा मुसळे यांची सेवा’.

देवाचं काम म्हणून त्यानं कारागिरांना हात लावू दिला नाही. या छपाईत नक्षी आधी कागदावर काढतात आणि तापलेल्या रुळाखाली ती कापडावर उतरते. म्हणून कागदावर अक्षरं उलटी घ्यावी लागतात. कारखान्यात हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. नेमका तोच विसरला.

पडदा देखणा निघाला. अक्षरं मात्र आरशात दिसावीत तशी उलटी.

“गाव हसंल, बाबा,” काडाप्पा म्हणाला. “हसू दे. पर माझ्या अनुग्रहाचं...”

बाबा उठले. त्याच्या हातातला पडदा घेतला आणि गाभाऱ्याच्या दाराला स्वतः अडकवला. काडाप्पा नको नको म्हणत मागून गेला.

नैवेद्यासाठी जमलेल्या बायका माना वाकड्या करून वाचू लागल्या. हे कानडीत लिहिलंय का, असं एकीनं दुसरीला विचारलं. काडाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी त्याचा हात धरून त्याला आत घेतलं आणि मागं पडदा सोडला.

आत अंधार होता. पिंडीपुढं समई, नैवेद्याचं ताट. बाहेर अंगणात लख्ख ऊन पडलेलं. पातळ सॅटिनमधून ते आत झिरपत होतं आणि त्यात अक्षरं उमटली होती, सगळी सुलटी. ‘ॐ नमः शिवाय’. खाली त्याचं नाव.

काडाप्पा बघत राहिला...

“हितनं वाचाय येतंय,” तो हळूच म्हणाला.

बाबा ताटाभोवती पाणी फिरवत होते.

काडाप्पाच्या छातीवरचं ओझं उतरलं. पण बाहेरची कुजबुज अजून ऐकू येत होती. त्याला राहवेना.

“उद्या सुलटा छापून आणतो, बाबा. न्हाईतर भायेर कुणाला कळायचं न्हाई, कुणी दिला ते.”

बाबांनी हात जोडले, डोळे मिटले.

“आण की,” ते म्हणाले. “मग अनुग्रह बी भायेरच्यांकडनंच घे.”