सोपानचा कच्चा टाका

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव सोपान. सासरे रंगनाथ शिंपी. जावई कसाही निघाला तरी त्याला अहो-जाहोच करायचं, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, ही आपल्याकडची रीत. रंगनाथ रीत पाळणारा माणूस होता. तेच त्याला भोवलं.

सोपानला सांगितलेलं सगळं पाठ व्हायचं. ते कुठे वापरायचं, एवढंच राहून जायचं.

आधी त्यानं सासऱ्यांना मांजरपाटाचा लेंगा शिवला. छान शिवला. पहिल्या धुण्यातच लेंगा पोटऱ्यांवर आला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "सुती कापड पाण्यात आटतं. आधी भिजवायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची."

"बरं मामा. आधी भिजवायचं."

पुढे धाकटी मेहुणी शेवंता हिचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, शेवंताला मनापासून आवडलेला. पण होणारी विहीणबाई रुसण्यात पटाईत. थोरल्या मुलाच्या वेळी ती भर मांडवातून "चला, उठा सगळे" म्हणून आख्खं वऱ्हाड घेऊन घरी गेली होती. तो मुलगा अजून बिनलग्नाचा आहे. त्यामुळे रंगनाथ तिच्या मानपानात काही कमी पडू देणार नव्हता.

नवरदेवाच्या कोटासाठी लोकरी कापड आणलं. सासरे आमंत्रणं करायला गेले. सोपाननं कापड हातात घेतलं. जाड लागलं. एवढं जाड कापड गार पाण्यात कसलं भिजतंय, म्हणून त्यानं ते कढत पाण्यात घातलं आणि वर चांगलं तुडवलं. सासरे आले तेव्हा कोटाचं कापड टोपीपुरतं उरलं होतं, आणि टोपीही उभी राहील असं घट्ट झालं होतं.

सासऱ्यांनी आवाज खालीच ठेवला. "जावईबापू, लोकरीला असं कढत पाणी दाखवू नये. लोकर उन्हात टाकावी, काठीनं झोडावी, म्हणजे कापड खाणारी कसर लागत नाही."

"बरं मामा. ऊन आणि काठी."

मग शेवंताचा रेशमी शालू आला. दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून बाहेर येते तो शालू भर उन्हात दोरीवर, आणि सोपान घामाघूम.

"दाजी, माझ्या शालूला मारताय कशाला?"

"कसर पळवतोय. एकही दिसली नाही. म्हणजे पळाली."

शालूचा रंग एका बाजूनं उडाला होता आणि जरीची तार तुटून लोंबत होती. शेवंता ओक्साबोक्शी रडली. दुसऱ्या शालूला पैसे उरले नव्हते. रंगनाथनं या वेळी काही शिकवलंच नाही. अनुभवानं माणूस शहाणा होतो, अगदी सासरासुद्धा.

पण सोपान गप्प बसणारा नव्हे. सासरे नव्या कापडाचा कोट शिवत होते, तर हा समोर येऊन बसला.

"मामा, हे लांब लांब टाके कशाला?"

"अस्तर निसरडं असतं. जागचं हलू नये म्हणून आधी कच्चा टाका घालायचा. पक्की शिवण मागाहून." रंगनाथ बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

लग्नाचा दिवस उजाडला. वरपक्षाची मंडळी मांडवात जाजमावर ऐसपैस बसली. रंगनाथनं जावयाला बाजूला घेतलं. हात जोडायचेच बाकी होते.

"जावईबापू, तुम्ही कशाला हात लावू नका. फक्त त्या मंडळींपाशी बसा. अक्षता पडेपर्यंत ती जागची हलता कामा नयेत. हलली तर माझी पोर बसली घरात."

"हलणार नाहीत, मामा," सोपान म्हणाला. तो घरात जाऊन काहीतरी घेऊन आला आणि मंडळींच्या मागे जाऊन बसला.

विहीणबाई खूश झाली. शेजारणीला म्हणाली, "बघितलंस? पदर मळू नयेत म्हणून जावई स्वतः सारखे करतोय. याला म्हणतात मानपान."

इतक्यात शेवंता मांडवात आली. विहीणबाईची नजर शालूवर गेली.

"विटका शालू? माझ्या सुनेला? चला, उठा सगळे!"

रंगनाथनं डोळेच मिटले.

पण कुणी उठलं नाही. विहीणबाई अर्धी उठली आणि धपकन खाली बसली. नवरदेवाचा काका उठला, बसला. आत्या उठली, बसली. भटजी म्हातारे, नजर अधू. त्यांना वाटलं, मंडळी मनानं विरघळली. त्यांनी लगेच "शुभमंगल सावधान" म्हटलं आणि अक्षता पडल्या. शेवंताचं लग्न लागलं.

रंगनाथनं डोळे उघडले. जावयाला पोटाशी धरायला धावला. तेवढ्यात कुणीतरी "पानं वाढली" असं ओरडलं आणि वरपक्ष एकदम जोर करून उठला.

लुगडी उठली, धोतरं उठली, त्यांच्याबरोबर जाजम उठलं. जाजमात अडकून मांडवाचा खांब आडवा झाला आणि खांबाबरोबर मांडव.

कापडाच्या ढिगाऱ्याखालून सोपान तेवढा बाहेर आला. हातात गोधडी शिवायची लांब सुई होती.

"मामा, आत्ता नुसता कच्चा टाका आहे," तो म्हणाला. "यांची जेवणं होऊ द्या, मग पक्का घालतो."