गुंजेचं सोयर

सत्ययुगाचा सूर्य मावळतीला लागला होता आणि त्रेतायुगाने अजून उंबऱ्यावर पाऊल टाकलं नव्हतं, त्या सांध्यावरची ही कथा. सात द्वीपांतलं शेवटचं जे पुष्करद्वीप, जिथे अरण्य बारा महिने हिरवं आणि नळीसारखी रक्तवर्ण फुलं मधाने काठोकाठ भरलेली, तिथे तिग्मतपा नावाचा महातपस्वी पत्नी कुशावतीसह आश्रम करून राहत होता. नावासारखाच तिखट. देवसुद्धा त्याला भीत. आणि ज्याला देव भितात त्याला स्वतःच्या जिभेची भीती राहत नाही, घात होतो तो तिथेच.

त्याने बारा वर्षांचं यज्ञसत्र मांडलं होतं. रोज एकशेआठ फुलं अग्नीला अर्पण करायची. अट एकच, फूल अनाघ्रात हवं. वास घेतलेलं, चोच लागलेलं फूल उष्टं. ते देवाला चालत नाही. शेवटच्या दिवशी सूर्यबिंब डोंगराआड जाण्याआधी शेवटचं फूल कुंडात पडलं की सत्र सफळ. मग इंद्रासन मागितलं तरी मिळावं.

त्याच आश्रमाच्या वळचणीला त्या वर्षी गुंजा नावाची एक इवलीशी पक्षिणी घरटं बांधायला आली. अंगठ्याएवढी काया, पाठीवर पाचूची कांती. नराने गळ्यातली माणकं मिरवली, चार घिरट्या घातल्या आणि तो दुसऱ्या झाडावर निघून गेला. त्याची गोष्ट तेवढीच. हिने एकटीने कोळ्याचे धागे ओढून आणले, शेवाळ आणलं, कुशावतीने दिलेला सावरीचा कापूस आत अंथरला आणि अर्ध्या आवळ्याएवढं घरटं विणलं. ते बघून मुनी एकदाच हसला होता. म्हणाला होता, "कुशावती, आपल्याला लेक नव्हती ना? ही बघ, बाळंतपणाला माहेरी आली."

सत्र संपायला तीन दिवस उरले असताना गुंजेने चवळीच्या दाण्याएवढी दोन अंडी घातली.

शेवटचा दिवस उजाडला, कलला. एकशेसात फुलं पडली. मुनीने एकशेआठव्या फुलाला हात घातला, तर पाकळीवर पाय टेकून, आत चोच खुपसून गुंजा मध पीत होती. दोन दिवस अंड्यांवर बसून तिचा जीव कासावीस झाला होता. क्षणभर उतरली होती, एवढंच.

मुनीचे नेत्र धगधगले. "चांडाळणी! बारा वर्षांचं तप तू एका घोटात उष्टं केलंस! आजपासून फुलावर तुझा पाय टेकणार नाही! आणि रोज सूर्यास्ताला तू मरशील, रोज सूर्योदयाला पुन्हा मरण्यासाठी उठशील! तुझ्या साऱ्या कुळाला हाच शाप!"

शाप सुटला. तिथल्या तिथे गुंजेचे पाय काडीसारखे आखडले. ती पाकळीवरून घसरली, जीव तोडून पंख मारू लागली, आणि अधांतरीच थांबली. पंख दिसेनात, नुसता गुंजारव ऐकू येऊ लागला. ती तशीच अंड्यांकडे धावली.

"आई," ती कुशावतीला म्हणाली, "मी रात्रभर मेले तर यांना ऊब कोण देईल? सकाळी उठेन तेव्हा हे दोन खडे असतील."

सूर्य डोंगराच्या माथ्यापासून चार बोटं वर होता. तेवढ्यात वळचणीखाली यमदूत येऊन उभा राहिला. हातात मुंगीच्या मिशीएवढा पाश.

"एवढ्याशा जिवासाठी धनी मला द्वीपाच्या टोकाला पाठवतात," तो कुरकुरला. "चल बाई. वेळ झाली की ओढतो."

कुशावतीने समिधा खाली टाकल्या आणि ती घरट्याला आडवी उभी राहिली. "हात लावून बघ! इथे ओली बाळंतीण आहे."

"कुशावती, बाजूला हो!" मुनी गरजला. "माझा शाप मिथ्या होत नाही!"

"झालेला होत नसेल. पाय गेले तिचे, ते मी परत मागत नाही. जे व्हायचंय त्याचं बोलते. अहो, या घराला जन्माचं सोयर आहे."

"सोयर? पाखराचं? आणि पिल्लं कुठे आहेत?"

"पक्ष्याला द्विज कोण म्हणतं, मी की तुम्ही? अंडं पडलं तो पहिला जन्म. आणि ती पाखरू नाही, लेक आहे. या वळचणीखाली उभं राहून तुम्हीच म्हणालात."

मुनी विजयाने म्हणाला, "ऐक, अज्ञानी स्त्रिये! हातावर पाणी घेऊन संकल्प सोडलेल्या यजमानाला सोयर लागत नाही. हा शास्त्रार्थ आहे."

"यज्ञाला लागत नाही, मान्य," कुशावती म्हणाली. "फुलं वाहायचा संकल्प होता, समिधांचा होता. लेकीला मारायचा संकल्प कधी सोडला होतात? ते पाणी कोणत्या पळीतून सोडलंत, दाखवा मला! संकल्पाबाहेरचं कर्म तुम्ही सोयरात केलंत. ते फळत नाही."

सूर्य डोंगराला टेकला.

यमदूताने पाश खाली घेतला. "बाई बोलतात ते आमच्याकडेही धरतात," तो हळूच म्हणाला. "मुनिवर, एकच सांगा. हिला लेक म्हणालात का?"

'नाही' म्हटलं की शाप खरा, पण असत्याने तप भ्रष्ट. 'होय' म्हटलं की शाप लुळा, आणि तिग्मतप्याचा शब्द एका पाखरापुढे हरला हा बोभाटा तिन्ही लोकांत होणार. वेलीवर आत्ताच दुसरी कळी उमलली होती. हात लांबवला असता तर अजूनही पूर्णाहुती पडली असती, पण तोवर सूर्य बुडून गुंजेवर पाश पडला असता. मुनीने त्या कळीकडे पाहिलं, मग घरट्याकडे. गुंजा पंख पसरून बसली होती. पळत नव्हती, रडतही नव्हती.

"म्हणालो होतो," मुनी म्हणाला. "ती माझी लेक आहे."

सूर्य बुडाला. कुंड शांत झालं. बारा वर्षं त्या एका वाक्यावर खर्ची पडली.

मुनी खाली बसला. म्हणाला, "सुटलेला शाप तिच्या कुळावरून उतरवणं माझ्या हाती नाही. पण जी अंड्यांवर बसेल, तिला सोयर. तोवर मृत्यूने तिला शिवायचं नाही."

"तथास्तु," यमदूत म्हणाला आणि रिकाम्या हाताने गेला.

म्हणून गुंजेचं कूळ फुलावर बसत नाही, हवेत थांबून मध पितं. रात्री, त्यातून थंडीच्या, उपासाच्या रात्री, ते फांदीला चिकटून दगडासारखं गार पडतं, श्वास दिसत नाही. उन्हाचं बोट लागलं की थरथरून उठतं. पण घरट्यातली आई तेवढी रात्रभर उबदार असते. सूर्यास्ताला यमदूत येतो, घरट्याच्या काठावरून वाकून आत हात धरून बघतो, ऊब लागली की पाश गुंडाळतो आणि पाय न वाजवता माघारी जातो.