शेजारचा तुंबा

फार फार वर्षांपूर्वी जनावरं बोलत असत आणि माणसांना ते कळत असे. कळत असे एवढंच. ऐकून घेणारे तेव्हाही थोडेच होते.

त्या काळी घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं. शेतात ज्वारी पिके, शेंगा पिकत, पण मीठ मात्र घाट उतरून खालच्या खाडीवरून आणावं लागे. त्यासाठी साऱ्या गावाची मिळून एक गाडी होती आणि तिला दोन बैल होते. थोरला मोऱ्या उजव्या अंगाला, धाकटा कोशा डाव्या. कोशाला जू कसं पेलायचं, उतारावर गाडी कशी रेटून धरायची, हे सगळं मोऱ्यानेच शिकवलं होतं. कोशा त्याला दादा म्हणत असे.

या गावाचा एक नियम होता. तो कसा झाला ते आधी सांगायला हवं. पूर्वी परगावच्या एका सुताराला गाडीच्या चाकाचा एक आरा बदलायला बोलावलं होतं. त्या बहाद्दराने ‘उघडलंच आहे तर’ म्हणत दोन्ही चाकं बदलली, जू बदललं, बसायच्या फळ्यासुद्धा बदलल्या, आणि गावाचं जुनं मुरलेलं सागवान नेऊन स्वतःच्या ओसरीत झोपाळा टांगला. गाव खवळलं. खवळायलाच हवं होतं! सगळ्यांनी देवळात बेलभंडार उचलला की यापुढे मोडलं असेल तेवढंच बदलायचं, शेजारच्या भागाला कुणी हात लावायचा नाही. चोरी सुताराने केली आणि शिक्षा झाली गाडीला. पण रागाच्या भरात हे कुणाच्या लक्षात येतं?

पुढे एकदा गाडीचा आस, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, मोडला. गावच्या सुताराने पारापाशी गाडी टेकूवर चढवली, दोन्ही चाकं उतरवून भिंतीला लावली आणि नवा आस तासायला घेतला. शपथ मोडू नये म्हणून पाटील आणि चार कारभारी राखण करत बसले होते.

मोऱ्या पुढे आला.

“पाटील, डाव्या चाकाचा तुंबा बघा जरा,” तो म्हणाला. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी ठोकळा. त्याच्या भोकात आसाचं टोक बसतं आणि सगळं चाक त्यावर फिरतं. “भोक एका अंगानं झिजलंय. चाक लंगडतंय. गाडी सारखी डावीकडं ओढती आणि कोशाची मान सोलून निघती.”

“तुंबा मोडलाय का?” पाटलांनी विचारलं.

“मोडला न्हाई. झिजलाय.”

“मोडला न्हाई ना? मग झालं.”

तेवढ्यात तिथे जमलेल्या गावातल्या हौशी लोकांना चेव आला. एकजण म्हणाला, “अवो, बदलायचंच तर सगळं बदला की! चाकं नवी, जू नवं, त्याला रंग लावा. जत्रंत गाडी कशी उठून दिसंल!”

“जुवाला हात लावू नका!” मोऱ्या डुरकला. “ते आमच्या मानेला बसलंय, आम्हाला पुरून उरंल. मी सगळं बदला म्हणतोय का? मी नुसतं बघा म्हणतोय. आता चाक उतरलंय, भोक उघडं पडलंय. बोट घालून बघा, एवढंच!”

पण बोट घालायला वेळ कुणाला होता? हौशी लोक म्हणत सगळं बदला, कारभारी म्हणत काहीच बदलू नका, आणि दोन्ही बाजू दिवस मावळेपर्यंत तावातावाने भांडत बसल्या. चाक तिथेच, हाताच्या अंतरावर भिंतीला टेकून उभं होतं. पण एकही जण उठला नाही.

सुताराचं तर काय सांगावं! त्याने चाक उतरवतानाच भोकात अंगठा फिरवला होता आणि त्याला सगळं कळलं होतं. मोऱ्याने त्याच्याकडे आशेने पाहिलं, तेव्हा तो रंधा पुसत म्हणाला, “नियम काय मी केला न्हाई बाबा. पाटील म्हणतील तसं.” चोर सुताराची निदान गावाला चीड तरी आली होती. या सज्जन सुताराला सगळे भला माणूस म्हणत राहिले.

गाडी पुन्हा जुळली. खाडीकडे निघताना कोशाने विचारलं, “दादा, नवा आस घातलाय. आता मान न्हाई ना दुखायची?”

“माझ्याकडं सरकून चाल,” मोऱ्या म्हणाला.

उतरताना गाडी रिकामी होती, निभावलं. चढताना मिठाची पोती होती. नवा आस ताठ आणि भक्कम. त्याने झिजलेल्या तुंब्याला आतून अजून कुरतडलं. घाटाच्या अवघड वळणावर तुंबा उभा चिरला, चाक निखळलं आणि गाडी डावीकडे कलंडली. मोऱ्याच्या गळ्याचा पट्टा तुटला म्हणून तो बाजूला फेकला गेला. कोशावर सगळी पोती आली.

“दादा, आपण सांगितलं होतं ना?” कोशा म्हणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

गाव धावत आलं. पाटलांनी गाडीला फेरी मारली आणि वाकून आस पाहिला. “बघा, आसाला चरासुद्धा न्हाई. आपली दुरुस्ती पक्की होती!” मग ते सुताराला म्हणाले, “आता तुंबा मोडला. आता बदला.”

“आणि बैल?” गाडीवानाने विचारलं.

“बैलही मोडला तेवढाच बदलायचा. शेजारचा धड हाय.”

खरंच, असं म्हणाले! कोशाचं अंग अजून गार झालं नव्हतं.

नवा तुंबा बसला, नवा बैल आला आणि मोऱ्याला त्याच्या शेजारी जुंपलं. मोऱ्या खाली बसला. त्याला ओढलं, डिवचलं, चाबूक मारला. तो उठला नाही.

“मी तुमच्या नियमातला शेजारचा,” तो म्हणाला. “मला कुणी बघितलंय का?”

गावातलं मीठ संपलं. बायामाणसं डोक्याखांद्यावर पोती घेऊन घाट चढू लागली. अखेर पाटलांनाही स्वतःचं पोतं स्वतः आणावं लागलं. ओझं सगळं एका अंगाला आलं आणि माथ्यावर पोचेपर्यंत त्यांची मान एका बाजूने सोलून निघाली. पोतं टाकून ते तसेच गोठ्यात गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मोऱ्याच्या मानेवर हात ठेवला. कातडं जाड झालं होतं, खाली मूठभर सूज होती.

“किती दिवस दुखतंय रं?” त्यांनी विचारलं.

“वर्ष झालं,” मोऱ्या म्हणाला. “कोशाचं जास्त दुखायचं.”

पाटलांना मान वर करता येईना.

मोऱ्याला पुन्हा कधी जुंपलं नाही. गावाने पुन्हा बेलभंडार उचलला. तेव्हापासून चाक उतरलं की आधी सुताराने बोलायचं, मग पाटलांपासून सगळ्यांनी शेजारच्या भोकात स्वतः बोट घालून बघायचं, आणि बदलायचं की राहू द्यायचं ते त्यानंतर ठरवायचं. नियम चांगला झाला. त्यासाठी कोशाला मरावं लागलं, याची लाज मात्र त्या गावाला कायम वाटत राहिली, आणि वाटायलाच हवी.

तात्पर्य: शेजारी आहे म्हणून बदलू नये आणि मोडलं नाही म्हणून सोडू नये, उघडलं आहे तेव्हाच हात घालून बघावं.