कॉलर आणि चुण्या

मोटारसायकली नुकत्याच घाट चढू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. भार्गवकडे एक कातडी जाकीट होतं. त्याच्या रुंद कॉलरला भारी ऐट होती. पाठीवर, खांद्यांमागे, दोन चुण्या घातलेल्या होत्या.

"तुमच्यापायी चांगलं कातडं वाया गेलं," कॉलर त्यांना म्हणायची. "कुणाला दिसता तरी का तुम्ही?"

"गरज पडली की उलगडतो," चुण्या म्हणायच्या.

एकदा घाटात गाडी घसरली. मागे बसलेली भार्गवची बायको मथुरा उतारावर फेकली गेली आणि एका झुडपाला धरून लोंबकळू लागली. भार्गवने कडेला पालथं पडून हात खाली सोडला. जाकीट अंगाला घट्ट होतं. हात चार बोटं कमी पडला.

"अजून थोडा," मथुरा म्हणाली.

त्याने जोर लावला. तशा चुण्या उलगडल्या, खांदा मोकळा झाला आणि मथुरेचा हात त्याच्या हाती आला.

पुढे चहाच्या दुकानात लोक भोवती जमले. "काय झोकदार कॉलर आहे हो," एकजण म्हणाला.

"जरा पाठीकडे बघा," कॉलर म्हणाली.

पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. चुण्याही केव्हाच मिटून गेल्या होत्या.