दारावरची आगगाडी

खेळण्यांना बोलायची मुभा होती, तेव्हाची गोष्ट. वाईच्या इंदूताई पेंढारकरांनी एक जुनं दार दोन स्टुलांवर आडवं टाकून त्यावर रूळ आणि एक छोटंसं स्टेशन मांडलं होतं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेले चार डबे आणि ठेंगू नावाचं पत्र्याचं इंजिन, एवढाच त्यांचा लवाजमा.

एक दिवस भावाने भेट पाठवलेलं भलंमोठं, चकचकीत इंजिन आलं. ठेंगूचे उडालेले पोपडे पाहून ते म्हणालं, "हे ध्यान इथे कशाला? जा, खोक्यात जाऊन बस!"

"खरंच की!" डब्यांनी लगेच री ओढली. तेवढ्यात इंदूताईंनी ठेंगूला उचलून बाजूला ठेवलं.

मोठं इंजिन डबे घेऊन ऐटीत निघालं. सरळ रुळांवर काय धावलं! पण दाराची रुंदी ती केवढी? टोकाचं वळण जेमतेम पोळपाटाएवढं. ते लांबलचक अंग काही केल्या वळेना. चाकं रुळांवरून सुटली आणि स्वारी दाराच्या कडेला लटकली.

इंदूताईंनी त्याला अलगद उचललं आणि डबे ठेंगूला जोडले. ठेंगूने तेच वळण झोकात घेतलं. एकदा, दोनदा, दहादा!

"आम्ही आधीपासून हेच म्हणत होतो," डबे म्हणाले.

मोठ्या इंजिनाने मान खाली घातली. "मग मीच जातो खोक्यात."

"कशाला?" ठेंगू म्हणाला. "स्टेशनात उभा राहा. छान शोभतोस. येता-जाता मी शिट्टी देत जाईन."