ओटी कुणाची भरायची

"अक्षता पडेपर्यंत तोंड उघडू नकोस म्हटलं, नाही उघडलं पोराने. म्हणून तर सून मिळाली," सासूबाई कुंपणापाशी शेजारच्या सुशीवहिनींना सांगत होत्या. मागे धुणं वाळत घालणाऱ्या मृदुलाने ते ऐकलं. नवी नवरी, बोलणार काय?

तर एका गावात असा हा एक भोळा नवरा होता, पद्माकर नावाचा. समुद्राकाठच्या घरामागे त्याने पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. शहरातल्या सहल कंपनीच्या बाई पाहणीला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर परदेशी पाहुणे येणार, नाहीतर खोल्यांत सुकं गवत भरायचं. पद्माकर दिवसभर इंग्रजी घोकायचा, "अ रूम्स, अ टॉवेल्स."

मृदुला हळूच म्हणाली, "अहो, 'अ' म्हणजे एक. पुष्कळ असतील तिथे एक ठेवायचं नाही."

पटलं त्याला. सराव म्हणून नात्यातली पाच माणसं राहायला बोलावली होती. त्यांच्या खोलीतला माठच त्याने उचलून नेला. माणसं पुष्कळ, माठ एक.

मृदुलाने समजावलं, ते बोलण्यापुरतं हो, माणसं कितीही असोत, एक पुरतो. संध्याकाळी पाचही जण समुद्रात डुंबून आले, तर दोरीवर टॉवेल एक.

मग तिने सांगितलं, ज्याला त्याला वेगळा द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाचांतल्या मामांना एक खोली दिली आणि मामींना दुसरी. मामांची काही तक्रार नव्हती. मामींची होती.

मृदुलाने कपाळाला हात लावला. "अहो, नवराबायको म्हणजे एकच धरायचं."

हेही त्याने पक्कं लक्षात ठेवलं.

कंपनीच्या बाई आल्या. पद्माकर दारात ताठ उभा. "वेलकम मॅडम. टू रूम्स. अ गार्डन. फाइव्ह टॉवेल्स." एक चूक नाही. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. घरात नवी सून आहे म्हटल्यावर बाईंनी पिशवीतून खण-नारळ काढला, ओटी भरते म्हणाल्या. सासूबाईंनी पाट मांडला.

मृदुला पदर सावरत बाहेर आली, तर पाटावर पद्माकर. खांद्यावरचा पंचा पुढे पसरलेला.

"नवराबायको एकच," तो बाईंना म्हणाला. "माझी भरा."

बाईंनी ओठ घट्ट मिटून त्याची ओटी भरली. पाहुणे पाठवते, इथे कुणाला कंटाळा येणार नाही, एवढं त्या कशाबशा बोलल्या. पद्माकरने वाकून नमस्कार केला. सुशीवहिनी कुंपणावरून बघत होत्या, सासूबाई जमिनीकडे.

तेव्हा मृदुला पहिल्यांदाच सगळ्यांदेखत बोलली.

"आई, ओटी तर यांची भरली. आता डोहाळेही यांचेच पुरवा."